पोराचे दात किडले त्यात माझी चूक किती?

मी दाताची डॉक्टर, मला आलेलं हे पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते म्हंजे बाकीच्यांनाही कळेल. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातली सून, वय २६, नवरा बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत, पहाटे जातो ते रात्री येतो. मुलगा २० महिन्यांचा. त्याच्या वरच्या पुढच्या दोन दातांवर तपकिरी डाग पडलेत आणि आता एका दाताची कड झिजल्यासारखी दिसते. सासूबाई, म्हंजे तिच्या आत्ती, म्हणतात, "तुझ्या माहेरचं वाण ते, तुझेच दात किडके, पोराला तेच आलंय." हिच्या खालच्या दोन दाढा पहिल्या गरोदरपणापासून पोकळ आहेत. तेव्हा रात्र रात्र ठणकायच्या तरी "पोटुशीनं दाताला हात लावायचा नसतोय" म्हणून कुणी नेलं नाही, मग बाळंतीण म्हणून नाही, मग अंगावर पाजते म्हणून नाही, आणि आता परत चौथा महिना संपत आलाय. आत्ती नातवाला चपाती स्वतः चावून मऊ करून भरवतात, त्या मशेरी लावतात, हे हिला पटत नाही पण बोलायचं कसं. आणि पत्राच्या अगदी शेवटी, नाव लिहून झाल्यावर खाली दोन ओळी: "ताई, पहिल्या वेळी मळमळ थांबती म्हणून मीपण मशेरी लावायला शिकले, आता दिवसातून दोन-तीनदा लागतेच. पोराच्या दाताला मीच कारण आहे काय?"

अगं, ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तिथूनच सुरू करते.

तुझ्या दातांचा आणि पोराच्या दातांचा संबंध आहे. हे मी लपवून ठेवणार नाही, तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं तर दुसऱ्या बाळाच्या वेळीही हेच होईल. पण संबंध असणं वेगळं आणि चूक असणं वेगळं. दोन दाढा दोन-अडीच वर्षं ठणकत असताना जिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही तिची चूक म्हणायची तरी कशी? ती दाढ भरून घेतली असती तर तुलाही झोप लागली असती आणि पोरालाही फायदा झाला असता, एवढं साधं होतं ते. ते राहून गेलं, आता करायचं.

आता वाणाचं. आत्ती म्हणतात त्यात अगदीच काही नाही असं नाही, दातांचा आकार, दाटी, वरचं आवरण किती टणक हे थोडंफार घराण्यातून येतं. पण कीड घराण्यातून येत नाही, ती लाळेतून येते. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात दात किडवणारे जंतू जवळपास नसतातच. त्यातला मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, नाव लांबलचक आहे, लक्षात ठेवायची गरज नाही, त्याला बसायला टणक जागा लागते आणि ती जागा म्हंजे दात. सहाव्या-सातव्या महिन्यात पहिला दात आला की त्याला घर मिळालं. तो येतो कुठून तर जे माणूस बाळाला दिवसभर घेऊन असतं त्याच्या तोंडातून, आणि आपल्याकडे ते माणूस बहुतेक वेळा आई असते. आईच्या तोंडातला जंतू आणि मुलाच्या तोंडातला जंतू जनुकांवरून जुळवून बघितले तर पुष्कळ जोड्यांत अगदी एकाच जातीचा निघतो. १९९३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात हा जंतू मुलांच्या तोंडात पक्का बसायचं वय साधारण १९ ते ३१ महिने निघालं. नंतरच्या अभ्यासांत तो काही मुलांत त्याच्याही आधी, दात यायच्या आधीसुद्धा जिभेवर सापडलाय. जितका लवकर आणि जितका जास्त तो येईल तितके दात लवकर किडतात. तुझा पोरगा आत्ता २० महिन्यांचा आहे, म्हंजे बरोबर त्या वयात आहे.

आणि ज्या आईच्या तोंडात उघड्या, पोकळ दाढा आहेत तिच्या लाळेत हे जंतू कितीतरी पटीनं जास्त असतात, कारण त्या पोकळीत अन्न अडकून राहतं आणि तिथे त्यांची वस्तीच होते. म्हणून दाढ भरली की जंतू कमी होतात आणि पोराकडे जाणारेही कमी होतात. हे माझं मत नाही. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात ज्या आयांच्या तोंडात हे जंतू जास्त होते त्यांच्यावर उपचार केले, दात भरले, साफ केले, गोड कमी करायला शिकवलं, मुलांना काहीच केलं नाही, तरी त्या मुलांच्या तोंडात जंतू उशिरा आले आणि कीड कमी लागली. फिनलंडमध्ये इलिविएस्का म्हणून एक गाव आहे, तिथे तर अशा आयांना बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत झायलिटॉल नावाच्या वेगळ्या साखरेचं च्युइंगम चघळायला दिलं होतं. चघळलं आईनं. मुलं पाच वर्षांची झाल्यावर बघितलं तर ज्यांच्या आयांना नुसतं फ्लोराइड लावलं होतं त्यांच्या मुलांपेक्षा या मुलांची कीड सुमारे ७० टक्क्यांनी कमी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तसंच पुस्तक धरून बसले होते. तुला ते च्युइंगम आणायला सांगत नाही मी, खानापुरात कुठे मिळणार आणि मिळालं तरी महाग. सांगायचं एवढंच की तू स्वतःच्या तोंडाची काळजी घेतलीस म्हंजे पोराचं काहीतरी राहिलं असं होत नाही, उलट तो त्याच्यावरचाच इलाज आहे.

आता आत्तींच्या चपातीचं. चावून भरवणं थांबवायला हवं, त्यात मला शंका नाही, त्यातून जंतूंचा मोठा घास जातो आणि वर मशेरीचा अंश जातो तो वेगळाच. चपाती दुधात, आमटीत, वरणात कुस्करली तरी तितकीच मऊ होते. पण चमचा उष्टा झाला, फुंकर मारली, पापा घेतला, यावरून घरात भांडण पेटवू नकोस. हल्ली मोबाईलवर बघून पोरी सासूला पापा घेऊ देत नाहीत, आणि त्यानं दात काही वाचत नाहीत. घरात एकत्र राहिल्यावर लाळ कुठून ना कुठून जातेच, ती शून्य करता येत नाही. जंतू आला तरी त्याला खायला काय मिळतं यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि हे तू पत्रात सहज एका ओळीत लिहून पुढे गेलीस: "रात्री बाटली तोंडात धरूनच झोपतोय, दोन चमचे साखर घातल्याशिवाय पीतच नाही."

बाई, तुझ्या पोराच्या वरच्या दोन दातांचं कारण मला तरी इथं दिसतंय. बाटलीतून पिताना मुलाची जीभ खालच्या दातांवर असते, म्हणून खालचे पुढचे दात झाकले जातात, शिवाय तिथे लाळ भरपूर येते. वरच्या दातांना तसलं काही पांघरूण नाही. झोप लागली की गिळणं मंदावतं, लाळ कमी होते आणि ते गोड दूध वरच्या दातांमागे साचून राहतं, तास तास. जंतू ती साखर खातो आणि आम्ल टाकतो, त्या आम्लानं दात विरघळतो. म्हणून आधी वरचे पुढचे, मग दाढा, आणि खालचे पुढचे शेवटपर्यंत चांगले, असं चित्र दिसलं की आम्ही रात्रीच्या बाटलीबद्दलच पहिलं विचारतो. तुझ्या पोराचं अगदी हेच चित्र आहे. यात माहेरचं वाण कुठे आलं सांग मला.

बाटली एका रात्रीत बंद करायला जाऊ नकोस, पोरगं रडून घर डोक्यावर घेईल आणि तिसऱ्या रात्री कुणीतरी कंटाळून परत साखर घालेल. आधी साखर दोनाची दीड कर, चार दिवसांनी एक, मग अर्धा, मग बंद. त्यानंतर दुधात पाणी वाढवत वाढवत शेवटी बाटलीत नुसतं पाणी येऊ दे. पंधरा-वीस दिवस लागतील. दूध झोपायच्या आधी वाटीनं किंवा पेल्यानं दे, मग दात पुसून झोपव. अंगावर अजून पीत असेल तर ते एकदम तोडायला सांगत नाही, आईचं दूध पहिल्या वर्षात दातांना राखतंच, फक्त वर्षानंतर रात्रभर मधे मधे पाजत राहिलं आणि दात साफ केले नाहीत तर तिथेही कीड लागू शकते, एवढं ध्यानात ठेव. दिवसाचंही बघ जरा. चहात बुडवलेलं बिस्किट, गुळाचा खडा, कुणी गोकाकहून करदंट आणलं, कुणी बेळगावहून कुंदा, कुणी हातात चॉकलेट दिलं, एकेक थोडं थोडं पण दिवसभर चालू. किती दिलं त्यापेक्षा किती वेळा दिलं हे जास्त महत्त्वाचं, कारण प्रत्येक वेळी आम्ल तयार होतं आणि दात सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. सण आहे, कुंदा आलाय, तर जेवणाबरोबर दे, खाऊ दे पोटभर, आणि मग पाणी पाज. मधल्या वेळी केळं, चुरमुरे, उकडलेली अंडी, भाकरीचा तुकडा.

उद्या सकाळी एक काम कर. ऊन दारात आलं की पायरीवर बस, आत्तींना समोर बसव, दोघींचे गुडघे एकमेकींना टेकवून मांडी जोडा आणि पोराला त्या मांडीवर आडवं झोपवा, डोकं तुझ्याकडे, पाय आत्तींच्या कमरेशी, हात त्यांनी धरायचे. रडला तर रडू दे, रडताना तोंड आपोआप उघडतं. तुझी तर्जनी वरच्या ओठाखाली घाल आणि ओठ हळू वर उचल. दात जिथे हिरडीतून निघतो तिथली रेघ बघ. निरोगी दात तिथे चकचकीत असतो, ओला दिसतो. कीड सुरू होताना तिथे खडूसारखी पांढरी, निस्तेज पट्टी येते, फडक्यानं दात पुसून कोरडा केला की जास्त नीट दिसते. ही पांढरी पट्टी अजून परत फिरू शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, गोड बंद आणि फ्लोराइड मिळालं की तो भाग परत टणक होतो. तपकिरी झालं, कड मोडली, खड्डा पडला, मग तो आपोआप भरून येत नाही. दातांच्या मागच्या बाजूलाही बघ, दुधाची कीड कितीतरी वेळा मागूनच सुरू होते. आणि दाढा आल्या असतील तर त्यांच्या वरच्या खाचा.

पोराला डॉक्टरकडे न्यायचंच आहे, तुझ्या वर्णनावरून थांबण्यासारखं नाही. "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत" असं घरात कुणीतरी म्हणणार. पुढचे सहाव्या ते आठव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. तोपर्यंत खायचं कशानं? दुखऱ्या दाताचं पोरगं चावत नाही, नुसतं दूध-बिस्किटावर राहतं, वजन भरत नाही, रात्री झोपत नाही. शिवाय प्रत्येक दुधाच्या दाताखाली पक्का दात तयार होत असतो, वर पू झाला तर खालच्यालाही धक्का लागतो, आणि दाढ लवकर काढावी लागली तर पक्क्याची जागा जाते. ड्रिल लावतील, पोरगं घाबरेल, म्हणून थांबू नकोस. लहान मुलांसाठी आता दातावर लावायची औषधं आहेत. फ्लोराइड व्हार्निश ब्रशनं दोन मिनिटांत लावून होतं. सिल्व्हर डायमाईन फ्लोराइड म्हणून एक आहे, ते लावलं की कीड बहुतेक वेळा थांबते, फक्त किडलेला भाग काळा पडतो, ते डॉक्टर आधी सांगतील, तू घाबरू नकोस, तो थांबलेल्या किडीचा रंग असतो. काय लावायचं ते दात बघूनच ठरतं.

घरी रोज दोन वेळा ब्रश, रात्रीचा चुकवायचा नाही. पेस्ट फ्लोराइडवाली, पाकिटावर १००० पीपीएम लिहिलेलं बघून घे, लहान मुलांच्या नावानं विकतात त्यातल्या काहींत फ्लोराइड नसतंच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या एका दाण्याएवढीच पेस्ट, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही. आपल्या उत्तर कर्नाटकात काही जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, म्हणून घरात विहिरीचं, बोअरचं की नळाचं पाणी पिता तेही डॉक्टरना सांग.

आता तू.

माझ्या आईची गोष्ट सांगते. चार मुलं, आणि चाळिशीच्या आत तिचे खालचे जवळजवळ सगळे दात गेले. आमच्या गावात बायका म्हणायच्या चार पोरांनी चार-चार दात खाल्ले, आणि ती हसायची, तोंडावर पदर धरून. लहानपणी मला खरंच वाटायचं की माझ्या वाटणीचे चार मी खाल्लेत. दाताची डॉक्टर झाले तेव्हा शिकले की बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम घेत नाही, घेऊ शकतच नाही, दातातून कॅल्शियम रक्तात परत जायची वाटच नसते. बाळ घेतं ते आईच्या जेवणातून, आणि ते कमी पडलं तर तिच्या हाडांतून. आईचे दात गेले ते हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, रक्त येतंय म्हणून ती ब्रश सोडून बोटानं राखुंडी लावायची, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं गुळाच्या चहाबरोबर खायची, आणि डॉक्टरकडे कुणी न्यायचं नाही. चार पोरांनी खाल्ले म्हटलं की कुणाचंच काही चुकलेलं राहत नाही. म्हणून मला त्या वाक्याचा राग येतो, अजूनही येतो.

गरोदरपणात हिरड्या सुजतात, लाल होतात, जरा ब्रश लागला की रक्त येतं. शरीरातल्या हार्मोनच्या बदलानं हे होतं, पुष्कळ बायकांना होतं, त्याला घाबरून ब्रश सोडायचा नाही, मऊ ब्रश घे आणि घासत राहा, साफ राहिलं तरच रक्त थांबतं. ज्यांच्या हिरड्यांचा आजार वाढलेला असतो त्या बायकांत दिवस भरायच्या आधी बाळंत होणं, कमी वजनाचं बाळ होणं जास्त दिसतं. हिरड्या साफ केल्या की ते टळतंच असं अभ्यासांतून ठरलेलं नाही, पण साफ करण्यानं आईला किंवा बाळाला धोका नाही हे मात्र ठरलेलं आहे. उलटी झाली की लगेच ब्रश करू नकोस, पोटातल्या आम्लानं दात त्या वेळी मऊ झालेला असतो, पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भर आणि तासाभरानं ब्रश कर.

"पोटुशीनं दाताला हात लावायचा नसतोय" हे चूक आहे. दाढ भरता येते, रूट कॅनल करता येतं, काढायची वेळ आली तर काढताही येते, आणि चौथ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ त्याला सगळ्यात सोयीचा, कारण उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून इतकं जड नसतं की खुर्चीवर आडवं झोपता येऊ नये. तू आत्ता बरोबर त्यात आहेस, परत दोन महिने घालवू नकोस. दात बधिर करायचं नेहमीचं इंजेक्शन चालतं. एक्स-रे लागला तर पोटावर शिशाचा एप्रन घालून काढतात, चालतो. फक्त आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य "मला चौथा महिना चालू आहे" हे बोल, पोट दिसत नसलं तरी. दुखतंय म्हणून मेडिकलमधून मागून आणलेली गोळी घेऊ नकोस. पॅरासिटामॉल डॉक्टरना विचारून चालते, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन तर नाहीच, त्यानं पोटातल्या बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

हो, पोटातल्या बाळाच्या दातांवर. दुधाच्या दातांची सुरुवात सहाव्या आठवड्यातच होते आणि चौथ्या महिन्यात त्यांच्यावर कॅल्शियम बसायला लागतं. म्हंजे तू हे वाचतेयस त्याच दिवसांत त्या बाळाचे पुढचे दात टणक व्हायला लागलेत, बाहेर यायला अजून वर्षभर आहे तरी. या दिवसांत आईचं पोषण फारच कमी पडलं, ड जीवनसत्त्व नाही, मोठा आजार झाला, बाळ फार लवकर जन्मलं, तर ते वरचं आवरण कच्चं राहू शकतं आणि कच्च्या दाताला कीड लवकर लागते. सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या देतात, दिवसाला दोन, जेवणाबरोबर, आणि लोहाच्या गोळीबरोबर एकदम घ्यायच्या नाहीत, दोन तासांचं अंतर ठेव. डब्यात तशाच पडून राहतात कितीतरी घरी, तुझ्या पडल्या असतील तर आजपासून सुरू कर. आपल्याकडे नाचणी आहे, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आंबील कर, भाकरी कर, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नाही, सगळ्यांबरोबर बसून खा.

आता मशेरी. तू शेवटी लिहिलीस म्हणून मीही शेवटी घेतली असं समजू नकोस. मला माहीत आहे ती कशी लागते. तव्यावर तंबाखू भाजतात, घरभर ठसका लागतो, काळीभोर झाली की कुटून डबीत. पहिल्यांदा दात घासायला म्हणून, मग सकाळी पोट साफ व्हायला म्हणून, मग मळमळीवर, मग दाढदुखीवर, मग डबी जवळ नसली की डोकं चढतं. निपाणीपासून खानापुरापर्यंत किती घरांत ही डबी न्हाणीच्या कोनाड्यात असते. बायकांना कुणी तंबाखू खाते म्हणत नाही, दात घासते म्हणतात, म्हणून ती व्यसनात मोजलीच जात नाही. पण ती तंबाखूच आहे, हिरडीतून निकोटिन रक्तात जातं आणि तुझ्या रक्तातून बाळाला जातं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली छापून आला, तंबाखू तोंडात लावणाऱ्या आणि खाणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं, आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाण दीडपटीच्या आसपास होतं. त्यातल्या बहुतेक मशेरी लावणाऱ्याच होत्या. तुझ्या दाढेचं दुखणं ती थोडा वेळ बधिर करते आणि तेवढ्या वेळात कीड आत आत जाते, हिरडी दातापासून सुटत जाते. म्हणून दाढ आधी बघून घे, निम्मी गरज तिथेच संपेल.

सोडताना पहिले तीन-चार दिवस कठीण जातात, चिडचिड होईल, डोकं दुखेल, भूक लागल्यासारखं होईल, मग उतरत जातं, तीन-चार आठवड्यांत बरंच सुटतं. डबी घरात डोळ्यासमोर ठेवू नकोस. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हात तिकडे जातो, तेव्हा ब्रश आणि पेस्ट त्या कोनाड्यात ठेव, डबी जिथे असायची तिथेच. तोंडात लवंग, बडीशेप धर. निकोटिनचं च्युइंगम गरोदरपणात मनानं घ्यायचं नाही, डॉक्टरना विचारायचं. सरकारची फुकट फोन लाइन आहे, १८०० ११ २३५६, तंबाखू सोडायला मदत करतात, नवऱ्याच्या फोनवरून केलास तरी चालेल. आणि दवाखान्यात विचारतील तेव्हा लपवू नकोस, त्यांनी रागावून बोललं तरी सांग.

आत्तींशी भांडून काही होणार नाही. त्यांनी तुला मशेरी दिली ती तुझी मळमळ बघवली नाही म्हणून, त्यांना त्यांच्या सासूनं तशीच दिली असणार. "तुमच्या तोंडात घाण आहे" असं म्हटलंस तर त्या उद्यापासून पोराला जवळ घेणार नाहीत आणि तुझ्याशी बोलणार नाहीत. त्यांना काम दे. पोराला सकाळचा ब्रश करायचं त्यांच्याकडे सोपव, "आत्ती, माझ्याकडं रडालंय, तुमचं ऐकतंय, तुमीच बगा की" म्हण. चपाती दुधात कुस्करून वाटी त्यांच्या हातात दे, मग चावायची गरजच उरत नाही. आणि डॉक्टरकडे पोराला नेताना त्यांनाही घेऊन जा. इतकी वर्षं मशेरी लावलेलं तोंड एकदा नीट बघून घ्यायलाच हवं, गालात आत किंवा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही असलं तर आज कळलेलं बरं. पोराच्या बोटाला मशेरी लागू देऊ नका, दात येताना हिरडीवर चोळायची काही घरांत सवय असते, ती नाही म्हंजे नाही.

जायचं कुठे. बेळगावात केएलईचं डेंटल कॉलेज आहे, मराठा मंडळाचं आहे, कॉलेजात खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो, वेळ मात्र लागतो, शिकणारी मुलं करतात आणि वर मोठे डॉक्टर बघतात, म्हणून सकाळी लवकरची बस धर, जेवून निघ, उपाशी खुर्चीवर बसू नकोस. तायी कार्ड, म्हंजे गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून मिळतं ते, बरोबर ने, त्यात महिने, रक्त, चालू गोळ्या सगळं लिहिलेलं असतं. पोराला मुलांच्या दातांच्या विभागात दाखव, तू आणि आत्ती वेगळ्या विभागात, तिघांचे पेपर एकाच दिवशी करा. काउंटरला कुणी कन्नडात बोललं तर गांगरू नकोस, "हल्लू नोवू" एवढं म्हटलंस तरी दाताचं दुखणं कळतं, आणि मराठी कळणारं कुणी ना कुणी असतंच. बेळगावला जाणं लगेच जमत नसेल तर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते तिथे दाढेचं सांग आणि चिठ्ठी माग. अंगणवाडीत मुलांना तपासायला टीम येते, त्यात दातही बघायचे असतात, आशाताईंना तारीख विचारून ठेव.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे, रजा एक दिवसाची लागेल, तिघांना घेऊन जायला त्यानं यावं. आणि जाऊन आलीस की मला लिही, खालच्या दोन दाढांतली कुठली वाचली, पोराच्या वरच्या दातांना काय लावलं, आणि आत्तींच्या तोंडात डॉक्टरांना काय दिसलं.